गडचांदूर ते मेडिकल : कागदावरचं नाव, फोनमधलं नाव आणि लोकांच्या तोंडातलं नाव

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले अडखळे काढले आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

बसमध्ये बसून ऐकत असाल तर खिडकीकडची जागा मिळाली असेल अशी आशा करते. आणि स्टँडवर उभं राहून ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा. गाडी लागली की कंडक्टर एकदाच ओरडतो.

आजचा विषय फार साधा आहे. गडचांदूरहून नागपूरच्या मेडिकलला कसं जायचं. तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचं? बसमध्ये बसा, नागपूरला उतरा, ऑटो करा. मीही असंच म्हणायचे. 2023च्या ऑगस्टमध्ये बाबांना घेऊन निघाले तेव्हाही असंच वाटत होतं. त्या दिवशी आम्ही चुकीच्या दवाखान्यात पोचलो. दवाखाना सरकारी, मोठा, चांगला, पण आमचा नाही. ती चूक आम्हाला एक दिवस, एक रात्र आणि बाबांचं बरंचसं अवसान इतक्याला पडली.

तेव्हा आज ती चूक कशी झाली ते सांगते. म्हणजे तुमची होणार नाही.

आधी आपला नकाशा

जे आपल्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. गडचांदूर म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यातलं सिमेंटचं गाव. आमच्या आजूबाजूला सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. कारखान्यांसाठी रेल्वेचा रूळही आलेला आहे, पण त्या रुळावरून सिमेंट जातं, माणसं जात नाहीत. माणसांसाठी एसटी, काळीपिवळी आणि ज्याची त्याची मोटारसायकल.

दुसरी गोष्ट म्हणजे नदी. आपण वर्धा नदीच्या या बाजूला आहोत आणि चंद्रपूर त्या बाजूला. राजुऱ्यावरून बल्लारपूरमार्गे जा, नाहीतर भोयेगावच्या पुलावरून जा, नदी ओलांडल्याशिवाय चंद्रपूर येत नाही. म्हणजे नागपूरही येत नाही. 2022च्या जुलैत पूर आला तेव्हा राजुरा-बल्लारपूरचा पूल पाण्याखाली गेला होता, आठवतं ना? त्यामुळे पावसाळ्यात दवाखान्याची तारीख असेल तर आदल्या दिवशी पुलाची चौकशी करणं हाही प्रवासाचाच भाग आहे. जिवतीच्या डोंगरातून जे येतात त्यांना तर आधी गडचांदूरपर्यंत उतरायचं, मग ही सगळी यात्रा.

एकूण अंतर जवळजवळ दोनशे किलोमीटर. त्यातलं चंद्रपूर ते नागपूर दीडशेच्या आसपास. भद्रावती, वरोरा, मग जाम, तिथे मोठा हायवे लागतो, मग बुटीबोरी, मग नागपूर. चंद्रपूरहून तीन-साडेतीन तास धरा, कधी चार.

आता मजा बघा. हे दोनशे किलोमीटर आम्ही न चुकता गेलो. चुकलो ते शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये.

त्या दिवशी काय झालं

बाबांना किडनीचा त्रास सुरू झाला होता. चंद्रपूरला दाखवलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. कागदावर लिहिलं होतं, जीएमसी, नागपूर. मी शिकलेली मुलगी. जीएमसी म्हणजे गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज हे मला कळत होतं. आईने विचारलं, "कुठं हाये ते?" मी म्हटलं, "फोनमध्ये आहे सगळं."

आदल्या रात्री फोनमध्ये टाकलं. गडचांदूर ते नागपूर मेडिकल कॉलेज. गाडीने किती वेळ लागेल ते लगेच आलं. मग बसच्या चिन्हावर बोट ठेवलं, तर कामाचं काहीच आलं नाही. आपल्या स्टँडवरून सकाळी कोणती गाडी सुटते, राजुऱ्याला कोणती मिळते, हे त्या नकाशाला कुठून माहीत असणार? ते स्टँडवरच्या चहावाल्याला माहीत.

सकाळी सहाच्या सुमारास निघालो. राजुऱ्याला गाडी बदलली, चंद्रपूरला पुन्हा बदलली. महिलांना एसटीत अर्धं तिकीट त्याच वर्षी, 17 मार्च 2023पासून सुरू झालं होतं. माझं अर्धं, बाबांचं पूर्ण. बाबा तेव्हा एकसष्ट वर्षांचे. ते हसले, म्हणाले, "पेशंट मी, सवलत तुले." त्या दिवसातलं त्यांचं ते शेवटचं हसणं.

सव्वाबारा वाजता गणेशपेठच्या स्टँडवर उतरलो. बाहेर आलो तर चार ऑटोवाले समोर. मी म्हटलं, "गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज." एक जण म्हणाला, "सरकारी कॉलेज? बैठो." आम्ही बसलो.

त्याने आम्हाला मेयोला सोडलं.

आता यात त्याचा काही दोष आहे का? मला तेव्हा फार राग आला होता, पण नंतर विचार केला तर नाही. नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजं दोन आहेत. एक जीएमसी, 1947मध्ये सुरू झालेलं. त्याला अख्खा विदर्भ फक्त 'मेडिकल' म्हणतो, आणि त्याच्यावरून तो सगळा परिसरच मेडिकल चौक झालाय. दुसरं आयजीजीएमसी, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्याला नागपूर 'मेयो' म्हणतं. जीएमसी आणि आयजीजीएमसी. बोलताना दोन्ही 'सरकारी मेडिकल कॉलेज'च. गणेशपेठहून एक एका दिशेला, दुसरं दुसऱ्या दिशेला. मी नाव बरोबर घेतलं होतं, पण ते कागदावरचं नाव होतं. रस्त्यावर ते नाव चालत नाही.

मेयोच्या खिडकीवर आमचा कागद बघून आतल्या ताईंनी शांतपणे सांगितलं, हे मेडिकलचं आहे. तिथून दुसरा ऑटो. मेडिकलला पोचलो तेव्हा दीड वाजत आला होता. त्या दिवशीच्या केस पेपरची वेळ संपलेली. सरकारी दवाखान्यात ओपीडीचा खेळ सकाळचा असतो, हे आपल्याला माहीत असतं, पण आपल्या अंगावर येईपर्यंत त्याचा अर्थ कळत नाही.

परत जायचं म्हटलं तर उद्या पुन्हा हेच. मग थांबलो. रात्री आवारात चादर टाकली. आजूबाजूला आपल्यासारखेच. कोणी गोंदियाचं, कोणी यवतमाळचं, कोणी थेट छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेलं. बाबा रात्रभर बोलले नाहीत. पहाटे एवढंच म्हणाले, "गावातल्या माणसाले शहर असंच फिरवते." मला ते फार लागलं. कारण शहराने नव्हतं फिरवलं, मी फिरवलं होतं.

पत्ता नव्हे, बोलीतलं नाव

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आता वाट पाठ झालीय. त्यातून जे कळलं ते सांगते. लिहून घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर खाली सगळं लिखित आहेच.

पहिली गोष्ट. घरातून निघण्याआधी तुमच्या हातातल्या कागदावरचं नाव आणि नागपूरच्या तोंडातलं नाव यांची जोडी लावा.

जीएमसी म्हणजे मेडिकल. ऑटोवाल्याला, बसच्या कंडक्टरला 'मेडिकल चौक' म्हणा, बस. सरकारी, कॉलेज, हॉस्पिटल यातलं काही जोडू नका.

आयजीजीएमसी म्हणजे मेयो.

सुपर स्पेशालिटी म्हणजे 'सुपर'. हे मेडिकलचंच, पण मेडिकलच्या आवारात नाही. त्याची इमारत वेगळी, तुकडोजी पुतळ्याच्या बाजूला. हृदय, किडनी, मेंदू अशा मोठ्या आजारांचे विभाग तिथे. बाबांना पुढे तिकडेच पाठवलं. तेव्हा डॉक्टर नुसतं "सुपरला जा" म्हणाले तर कॉरिडॉरमध्ये शोधत बसू नका, बाहेर पडून ऑटो लागतो. पेशंटला चालवत नेऊ नका. कॅन्सरचं राष्ट्रसंत तुकडोजी हॉस्पिटलही त्याच भागात आहे, तिथे जाणाऱ्यांनीही 'तुकडोजी पुतळा' हीच खूण सांगायची.

आणि एम्स. एम्स म्हणजे एम्सच, त्याला दुसरं नाव नाही. पण ते शहरात नाही. ते मिहानमध्ये आहे, वर्धा रोडला, खापरीच्या बाजूला. त्याची गोष्ट वेगळी सांगते, कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक उगाच फिरतात.

असंच एक नाव आपल्या घराजवळही आहे. तुमच्यापैकी कोणी रेल्वेच्या ॲपमध्ये बल्लारपूर शोधलंय? गावाचं नाव बल्लारपूर, पण स्टेशनचं नाव बल्हारशाह. माझ्या एका मैत्रिणीने बल्लारपूरला रेल्वेच थांबत नाही असं समजून दोन वर्षं बसने प्रवास केला. दिल्ली-चेन्नईच्या मुख्य मार्गावरचं इतकं मोठं जंक्शन, पण नाव माहीत नाही तर ते तुमच्यासाठी नाहीच.

शेवटच्या स्टॉपपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते ही सगळ्यात कामाची. आपल्याला सवय आहे, तिकीट नागपूरचं काढलं की गणेशपेठपर्यंत बसायचं. गाडी जिथे संपते तिथे आपण उतरतो. पण दवाखाना गाडी संपते तिथे असेलच असं नाही. तो वाटेतही असू शकतो.

चंद्रपूरहून येणारी बस नागपुरात कशी शिरते ते डोळ्यांसमोर आणा. बुटीबोरी सोडलं की वर्धा रोड. मग खापरी, मिहानचा भाग. मग विमानतळाची बाजू. मग छत्रपती चौक, अजनी चौक, रहाटे कॉलनी, आणि मग आत शहरात गणेशपेठ.

आता एम्सला जाणारा पेशंट बघा. तो बसमधून एम्सच्या बाजूने येतो, आणि पुढे पार गणेशपेठपर्यंत जातो. तिथे उतरून ऑटोवाल्याला एम्स म्हणतो. ऑटोवाला त्याला ज्या रस्त्याने तो आला त्याच रस्त्याने उलटा घेऊन जातो. भाडं मोठं, वेळ मोठा, आणि ओपीडी सकाळची. त्याने करायला काय पाहिजे होतं? बुटीबोरी आलं की उठून कंडक्टरला विचारायचं, "भाऊ, एम्ससाठी कुठं उतरू?" खापरीच्या बाजूला उतरायचं आणि तिथून ऑटो. झालं.

तुम्हाला मेडिकलला जायचं नसेल, क्लासला जायचं असेल, परीक्षेला, इंटरव्ह्यूला, तर हीच युक्ती मेट्रोला लागू होते. नागपूर मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपासून सुरू होऊन वर्धा रोडनेच सीताबर्डीला येते आणि पुढे ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते. तिचा खापरी ते सीताबर्डी हा पहिला टप्पा मार्च 2019मध्ये सुरू झाला. दुसरी ॲक्वा लाइन, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. डिसेंबर 2022मध्ये दोन्ही मार्गिकांचे उरलेले टप्पे सुरू झाले. दोन्ही सीताबर्डीला भेटतात, तिथेच गाडी बदलायची. म्हणजे शंकर नगर, धरमपेठ किंवा हिंगण्याच्या बाजूला लोकमान्य नगरला जायचं असेल, तर अजनी चौकात किंवा रहाटे कॉलनीला उतरा. मेट्रो स्टेशन डोक्यावरच आहे. सीताबर्डीला बदला. गणेशपेठच्या गर्दीत शिरायची गरजच नाही.

पण एक मेख आहे. वर्धा रोडवर तो दुमजली पूल आहे ना, खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, आणि वर मेट्रो. 3.14 किलोमीटरचा. त्याची गिनीजमध्ये नोंद झाली म्हणून पेपरात फोटो आले होते. आपली बस त्या मधल्या पुलावर चढली, तर खालचा छत्रपती चौक खालीच राहतो. तुम्ही दारात उभे, आणि चौक तुमच्या पायाखालून जातोय. म्हणून छत्रपती चौकाला उतरायचं असेल तर पुलावर चढण्याआधी कंडक्टरला विचारा, गाडी वरून जाणार की खालून.

आणि हो, हे दिवसाउजेडी. अंधार पडल्यावर हायवेवर उतरू नका. विशेषतः एकटी मुलगी असाल, किंवा सोबत आजारी माणूस असेल, तर सरळ स्टँडपर्यंत बसा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. तिथे उजेड आहे, माणसं आहेत, चौकशीची खिडकी आहे.

मग मेडिकलला कसं?

आता तुम्ही म्हणाल, मेट्रो इतकी छान तर मेडिकलला मेट्रोनेच जाऊ. मीही एकदा तो शहाणपणा केला. मेट्रो वर्धा रोडने जाते, आणि मेडिकल आहे रेल्वेच्या रुळाच्या दुसऱ्या बाजूला. काँग्रेस नगरचं स्टेशन अजनी रेल्वे स्टेशनच्या जवळ आहे खरं, पण तिथून पुढे रूळ ओलांडायला ऑटो लागतोच. आजारी माणसाला जिने, लिफ्ट, गाडी, परत लिफ्ट, परत ऑटो एवढं करायला लावून आम्ही वाचवले किती? काही नाही. बाबा म्हणाले, "एसी मस्त होता बाप्पा, पण दवाखाना कुठं हाये?"

तर मेडिकलसाठी माझं मत असं. गणेशपेठपर्यंत बसा. स्टँडच्या दाराशी जो पहिला ऑटो अडवतो तो घेऊ नका. रस्त्यावर या, 'मेडिकल चौक' म्हणा, आणि बसण्याआधी भाडं ठरवा. सीट शेअर करणारे ऑटो मिळाले तर फारच स्वस्त पडतं. नागपूरची शहर बस, 'आपली बस', तिचं मोठं ठिकाण सीताबर्डीला मोरभवन. हातात सामान कमी आणि वेळ असेल तर तीही चांगली. फक्त एसटीची सवलत एसटीत, शहर बसचे नियम वेगळे, ते तिथे विचारा.

रेल्वेने जाणार असाल तर बल्हारशाहहून किंवा चंद्रपूरहून बसा. रेल्वे सेवाग्रामवरून फिरून जाते, अंतर बसपेक्षा जास्त आहे, पण पाय लांब करता येतात, बाथरूम आहे. किडनीच्या पेशंटला त्याची किंमत विचारा. काही गाड्या नागपूरच्या आधी अजनीला थांबतात, आणि अजनीहून मेडिकल जवळ पडतं. सगळ्या थांबत नाहीत, म्हणून तिकीट काढतानाच थांबे बघून घ्या.

वेळेचं गणित उलटं मांडा

तिसरी गोष्ट. आपण गणित घरापासून मांडतो. सहाची गाडी, म्हणजे सातला राजुरा, आठला चंद्रपूर, बाराला नागपूर. हे उलटं मांडायला पाहिजे. केस पेपरच्या रांगेत मला किती वाजता उभं राहायचंय? समजा साडेआठ. मग गणेशपेठला आठला पोचलं पाहिजे. मग चंद्रपूर पहाटे चारच्या सुमाराला सोडलं पाहिजे. मग गडचांदूरहून रात्रीच निघावं लागेल. म्हणजे सकाळच्या पहिल्या गाडीने निघून त्याच दिवशी ओपीडी गाठणं हे जवळजवळ होतच नाही. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बाबांची ती रात्र वाचली असती.

म्हणून आदल्या दिवशी निघा. चंद्रपूरला किंवा नागपूरला कोणी नात्यातलं असेल तर तिथे राहा. लाजू नका. आपल्याकडे दवाखान्याच्या कामासाठी आलेल्या पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. कोणीच नसेल तर किमान चादर, पाणी, आणि भाकर-चटणी असा हिशेब धरून निघा. आवारात रात्र काढायची हे आधीच माहीत असलं तर ती रात्र वेगळी जाते. आमच्यावर ती अचानक आली, म्हणून ती जड गेली.

सवलतींचं थोडक्यात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि 75च्या वर मोफत, ते ऑगस्ट 2022पासून. आधार कार्ड खरं, मूळ, जवळ ठेवा. सिकलसेल, डायलिसिस, हिमोफिलिया अशा आजारांच्या पेशंटसाठीही एसटीत सवलत आहे. सिकलसेल आपल्या भागात किती घरांत आहे ते मी सांगायला नको. त्याला कोणता कागद लागतो, कोणत्या गाडीत चालतो, ते राजुऱ्याच्या आगारात एकदा जाऊन विचारून या. एकदाच विचारायचं असतं, आणि फायदा प्रत्येक फेरीला.

आणि एक महत्त्वाचं. मी हे सगळं ठरवून जाणाऱ्यांसाठी सांगतेय. इमर्जन्सी असेल तर बस, मेट्रो, गणित काही बघू नका. 108 लावा.

आईची चिठ्ठी

शेवटी एक सांगते आणि थांबते.

मागच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. बाबांना आता दर वेळी नेत नाहीत. कधी नुसते रिपोर्ट दाखवायचे असतात, कधी औषधं बदलून आणायची असतात. पहिल्यांदा तशी वेळ आली तेव्हा आई म्हणाली, मी जाते. एकटी. आई कधी वरोऱ्याच्या पुढे एकटी गेलेली नव्हती. तिच्याकडे साधा फोन आहे, बटनांचा. मी पुण्यातून घाबरून गेले. म्हटलं थांब, मी सुट्टी टाकते. ती म्हणाली, "काऊन? मले बोलता येत नाही काय?"

मग मी तिला फोनवर चिठ्ठी सांगितली आणि तिने वहीच्या कागदावर लिहून घेतली. त्यात पत्ता नव्हता. कुठे कोणाला काय म्हणायचं एवढंच होतं. राजुऱ्याला: चंद्रपूर गाडी. चंद्रपूरला: नागपूर गाडी, जामवरून. गणेशपेठला: बाहेर रस्त्यावर ये, मेडिकल चौक म्हण, भाडं आधी विचार. मेडिकलला: सुपर म्हणाले तर पुन्हा ऑटो, तुकडोजी पुतळा. असं.

ती आदल्या दिवशी निघाली, चंद्रपूरला मावशीकडे राहिली, आणि पहाटेच्या गाडीने गेली. मी सकाळपासून फोन हातात घेऊन ऑफिसात बसलेली. साडेआठला फोन आला. म्हणाली, "पोचली. लाइनमधी उभी हाओ. ठेव, नंबर येते आता."

संध्याकाळी सविस्तर बोललो. म्हणाली, बसमध्ये शेजारी जिवतीकडची एक बाई होती, सोबत लहान नातू. मांडीवर फाइल. आईने फाइलवरचं वाचलं, एम्स. विचारलं, "बाई, तुमी कुठं उतरता?" ती म्हणाली, नागपूर स्टँडवर. आई म्हणाली, नाही नाही. आणि बुटीबोरी गेल्यावर आई स्वतः उठून कंडक्टरकडे गेली आणि म्हणाली, "भाऊ, या बाईले खापरीले उतरून द्याचं हाये, एम्सले जाते ते." कंडक्टरने गाडी थांबवली, समोरचा ऑटोही दाखवला.

मी विचारलं, आई, तुला हे कोणी सांगितलं? एम्सचं तर मी चिठ्ठीत लिहिलं नव्हतं.

म्हणाली, "मागच्या खेपेला तूच बाबाले सांगत होती ना बसमधी. मी होती ना बाजूले."

तर मंडळी, हा भाग गावाच्या ग्रुपवर टाका. पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना तोंडाने सांगा. आई, काकू, शेजारची आजी. आणि तुमच्या गावाहून मेडिकलला, मेयोला, एम्सला जायची तुम्हाला माहीत असलेली वाट, कोणती गाडी, कुठे उतरायचं, तिथे काय म्हणायचं, हे मला व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा. कोरपना, जिवती, गोंडपिपरी, अहेरी, कुठलंही चालेल. पुढच्या भागात ते सगळे आवाज एकत्र ऐकवीन.

काळजी घ्या. आणि कोणाच्या मांडीवर फाइल दिसली, तर विचारा, कुठे उतरता म्हणून.